चौदा संघांचा पिचर

२७ जुलै २०११ या एकाच दिवशी एडविन जॅक्सनचे दोन सौदे झाले. शिकागो व्हाइट सॉक्सनी त्याला टोरांटो ब्लू जेजला दिलं आणि टोरांटोने त्याला लगोलग सेंट लुइस कार्डिनल्सकडे वळतं केलं. टोरांटोचा गणवेश त्या वेळी त्याच्या अंगावर चढलाही नाही. पुढे आठ वर्षांनी, मे २०१९ मध्ये, तो खरोखरच टोरांटोकडून मैदानात उतरला तेव्हा तो त्याचा चौदावा संघ ठरला. मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर कोणीही इतक्या संघांकडून खेळलेलं नव्हतं. आधीचा तेरा संघांचा विक्रम ऑक्टाव्हिओ डोटेल या पिचरचा. आणि गंमत अशी, की २०११च्या त्या सौद्यात टोरांटोहून सेंट लुइसला जे खेळाडू गेले त्यांत डोटेलही होता. विक्रम करणारा आणि पुढे तो मोडणारा, दोघे एकाच व्यवहारात हस्तांतरित झाले, आणि त्याच वर्षी कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

अशा फिरस्त्या पिचरकडे अमेरिकेत दोन नजरांनी पाहिलं जातं. एका नजरेला तो कुठेच न टिकलेला माणूस दिसतो: गुण होते, पण कोणालाच तो कायमचा हवासा वाटला नाही. दुसरी नजर जरा हळवी आहे. तिला त्याची सूटकेस, लांबचे बसप्रवास, स्वस्त हॉटेलं आणि खेळावरचं वेडं प्रेम दिसतं. सिनेमांनी आणि आत्मचरित्रांनी ही दुसरी नजर बरीच पोसली आहे. जिम बूटनचं १९७०चं ‘बॉल फोर’ हे पुस्तक मात्र याला अपवाद. सिअ‍ॅटल पायलट्स या एकाच हंगामापुरत्या अस्तित्वात आलेल्या संघात घालवलेल्या दिवसांबद्दल बूटनने इतकं उघडपणे लिहिलं, की बेसबॉलच्या आयुक्तांनी त्याला बोलावून जाब विचारला. या दोन्ही नजरा एक गोष्ट गृहीत धरतात, की भटकणं हे त्या माणसाचं लक्षण आहे. त्याचा दोष तरी किंवा त्याचा छंद तरी. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. फिरस्ता पिचर हा खेळाच्या अर्थकारणाने आणि नियमांनी घडवलेला एक वेगळा व्यवसाय आहे. त्या व्यवसायाचं स्वतःचं कौशल्य आहे, आणि ते कौशल्य मोजायला बेसबॉलकडे, इतकी आकडेवारी असूनही, आकडा नाही.

सुरुवात हाताच्या गणितापासून करावी लागते. पिचर आणि बॅटर यांच्यात १८.४४ मीटर अंतर असतं. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने फेकलेला चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला धावत येऊन अंगाचा जोर चेंडूत उतरवता येतो, कोपर मात्र सरळ ठेवावं लागतं. पिचर जवळपास उभ्या जागेवरून फेकतो आणि कोपर वाकवून झटका देतो, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर भयंकर ताण येतो. तो तुटला की पूर्वी कारकीर्द संपायची. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू काढून त्या जागी बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, १९८९ पर्यंत, खेळला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती इतकी नित्याची झाली आहे, की तिचं आता कोणाला नवल वाटत नाही. पण परतायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि हंगामात सामने असतात १६२. सुरुवातीचा पिचर साधारण पाचव्या दिवशी फेकतो, बाकीचे डाव बुलपेनमधले राखीव पिचर वाटून घेतात. २०२२ पासून एका संघाला हंगामाच्या बहुतेक काळात एका वेळी जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. तीस संघांचे मिळून झाले ३९०. प्रत्यक्षात अलीकडच्या हंगामांत मेजर लीगमध्ये आठशेहून अधिक पिचरांनी चेंडू फेकला आहे. म्हणजे प्रत्येक जागेमागे दोनहून अधिक माणसं लागतात. हे वरचे चारशे आभाळातून पडत नाहीत. कोणाचा खांदा गेला, कोणाचं कोपर गेलं, म्हणून जूनच्या एखाद्या मंगळवारी ज्यांना फोन जातो तेच हे लोक. हा खेळ कायमच्या माणसांवर चालूच शकत नाही. कायमच्या माणसांचे पुतळे उभे राहतात, हंगाम मात्र फिरत्यांच्या जिवावर पार पडतो.

आता नियमांकडे येऊ, कारण माणसं लागतात एवढ्यावरून ती फिरतात असं होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसबॉलच्या करारांत राखीव कलम होतं: खेळाडू ज्या संघाचा, त्याचाच तो जन्मभर, जोवर तो संघ त्याला विकत किंवा सोडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळलं, आणि कर्ट फ्लडने आपली सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला झालेली पाठवणी नाकारून लढा दिला तेव्हाही, १९७२ मध्ये, तो निकाल कायम ठेवला. कलम मोडलं ते दोन पिचरांनी. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी १९७५ चा हंगाम करारावर सही न करता काढला, आणि डिसेंबरमध्ये पीटर साइट्झ या लवादाने त्यांना मुक्त ठरवलं. मालकांनी साइट्झना तत्काळ काढून टाकलं, पण निकाल राहिला. त्यानंतर जी तडजोड झाली ती आजही चालू आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मुक्त. तोवर संघ त्याला कुठेही देऊ शकतो. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, आणि हे दिवस अक्षरशः एकेक करून मोजले जातात. त्यातच ‘ऑप्शन’ची तरतूद आहे: ठरावीक तीन वर्षं संघ खेळाडूला त्याच्या संमतीविना मायनर लीगमध्ये खाली-वर पाठवू शकतो. ती वर्षं संपली की त्याला खाली पाठवायचं तर आधी इतर सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. जागा रिकामी करायची असेल तर ‘डीएफए’ होतं, म्हणजे सात दिवसांत त्याला विका, दुसऱ्या संघाला घेऊ द्या किंवा सोडा. पिचर मंडळींच्या बोलण्यात ही तीन अक्षरं क्रियापदासारखी येतात. जॅक्सनची कारकीर्द या नियमांपुढे धरली की भटकंतीचं गूढ उरत नाही. लॉस एंजेलिसहून टँपा बे, तिथून डेट्रॉइट, मग अ‍ॅरिझोना, मग शिकागो, मग टोरांटोमार्गे सेंट लुइस. सहा सौदे, आणि एकातही त्याचं मत कोणी विचारलेलं नव्हतं. डेट्रॉइटने त्याला ज्या हंगामानंतर सोडलं त्याच २००९च्या हंगामात तो ऑल-स्टार होता. वाईट खेळला म्हणून तो गेला नाही. पगार वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेला चांगला पिचर बाजारात चांगला भाव आणतो म्हणून गेला. त्या त्रिपक्षीय सौद्यात डेट्रॉइटला मॅक्स शर्झर मिळाला, तेव्हा डेट्रॉइटच्या बाजूने पाहिलं तर हिशेब उत्तमच होता.

फ्लडच्या लढ्यातून खेळाडूंना एक हक्क मात्र मिळाला होता. मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली, तर खेळाडू आपला सौदा नाकारू शकतो. कागदावर हे संरक्षण आहे. पण जरा विचार करा, ते कोणाला मिळतं? जो पाच वर्षं एका ठिकाणी राहिला त्याला, म्हणजे ज्याला त्याची सगळ्यांत कमी गरज आहे त्याला. जॅक्सन सतरा हंगामांत मेजर लीगमध्ये दिसला, पण एकाही संघात त्याची पाच वर्षं भरली नाहीत. फिरवल्यामुळे तो हक्काला मुकला आणि हक्क नसल्यामुळे फिरत राहिला.

या सगळ्यात काम म्हणून नेमकं काय येतं, हे बाहेरून फारसं दिसत नाही. हंगामाच्या मध्यावर नव्या संघात आलेला पिचर दोन-तीन दिवसांत, कधी त्याच संध्याकाळी, माउंडवर (फेकीच्या उंचवट्यावर) उभा असतो. ज्या कॅचरच्या हातमोज्याकडे तो बघतो त्या माणसाशी त्याची जेमतेम ओळख झालेली असते. कोणता चेंडू कधी मागायचा, पिचर चिडल्यावर त्याला थांबवायचं की फेकू द्यायचं, पायरीवर (बेसवर) धावपटू असताना कोणत्या खुणा बदलायच्या, हे जुनी जोडी वर्षानुवर्षांत शिकते. फिरत्याला ते सरावाच्या एका फेरीत उरकावं लागतं. २०२२ पासून खुणांची जागा पिचकॉम या छोट्या यंत्राने घेतली, पण यंत्र फक्त निरोप पोचवतं, समज नाही. त्यावर प्रत्येक संघाची स्वतःची विचारसरणी. एकाला चेंडू खाली बुडवून जमिनीलगतचे फटके हवे असतात, दुसऱ्याला वर, छातीच्या उंचीवर, सरळ वेग हवा असतो, तिसरा म्हणतो की तुझा स्लायडरच दुप्पट टाक. मैदानंही एकसारखी नसतात: डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर, तिथल्या विरळ हवेत वळणारा चेंडू नीट वळत नाही. घर, मुलांच्या शाळा, पत्नीची नोकरी, सगळं मागच्या शहरात असतं. एवढं सगळं पेलून त्याने पाच डाव फेकायचे, तीनच धावा द्यायच्या, बुलपेनला श्वास घेऊ द्यायचा आणि उद्या कोणी विचारलं तर परत तयार असायचं. २०१८ च्या ओकलंडचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. त्यांचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले होते. जूनच्या अखेरीस त्यांनी चौतिशीतल्या जॅक्सनला घेतलं. त्याने १७ सामने सुरू केले, सहा जिंकले, तीन हरला, नऊ डावांमागे सरासरी ३.३३ धावा दिल्या. तो संघ ९७ सामने जिंकून बाद फेरीत गेला. त्या हंगामाच्या आठवणींत ओकलंडच्या तरुण बॅटरांची नावं येतात. मला विचाराल तर जूनमध्ये आलेल्या त्या परक्याचं नाव आधी यावं, पण बेसबॉलचं कौतुक सहसा घरच्या मुलांनाच मिळतं.

यावर सरळ आक्षेप येईल, की हा फार मोठा मुलामा झाला; जॅक्सन मुळात सुमारच होता. १०७ विजय, १३३ पराभव, कारकिर्दीची सरासरी ४.७८. आकडे खरे आहेत आणि मी ते झाकणार नाही. २०१२च्या अखेरीस शिकागो कब्जने त्याला चार वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर दिले. पहिल्या वर्षी तो ८ जिंकला आणि १८ हरला, दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी सहाच्या वर गेली, तिसऱ्या वर्षाच्या मध्यात करार बाकी असतानाच त्याला सोडलं. ज्या एका ठिकाणी त्याला स्थैर्य मिळालं तिथेच तो सगळ्यांत वाईट खेळला, हे माझ्या युक्तिवादाला गैरसोयीचं आहे. पण ‘सुमार’ हा शब्द कोणत्या तुलनेत वापरतो हे बघायला हवं. मेजर लीगच्या सर्वोत्तम पिचरांशी तुलना केली तर तो सुमार. पण संघापुढे जूनमध्ये खरा पर्याय असतो तो मायनर लीगमधून उद्या आणता येईल अशा कोणाचा तरी. आधुनिक आकडेशास्त्राने या काल्पनिक माणसाला आधारपातळी मानलं आहे, आणि त्या पातळीच्या थोडं वर सतरा हंगाम राहणं सोपं नाही; हजारो व्यावसायिक पिचरांना ते एक हंगामही जमत नाही. शिवाय विजय-पराभवाचा आकडा पिचरचा असतो तितकाच त्याच्या बॅटरांचा. बारा संघांतून फिरलेला माइक मॉर्गन १४१ जिंकला आणि १८६ हरला, आणि तरीही बावीस हंगाम त्याला कोणी ना कोणी कामावर ठेवलं. इतके सामने हरायलाही इतक्या वेळा चेंडू हाती मिळावा लागतो. आणि जॅक्सनच्या बाबतीत सुमारपणाचा शिक्का २५ जून २०१० या रात्रीपुढे जरा अडखळतो. अ‍ॅरिझोनाकडून, आपल्याच जुन्या टँपा बे संघाविरुद्ध, त्याने नो-हिटर फेकला: नऊ डावांत एकही हिट नाही, निकाल १–०. ती काही देखणी कामगिरी नव्हती. आठ बॅटरांना त्याने वॉक (पहिली पायरी फुकट) दिले, त्यांतले सात पहिल्या तीन डावांत. शंभर चेंडूंनंतर पिचरला बाहेर काढण्याच्या या काळात त्याने १४९ चेंडू फेकले. उत्तम नियंत्रण असलेल्या पिचरची ही रात्र नव्हती. धावपटूंनी पायऱ्या भरलेल्या असताना न डगमगणाऱ्या माणसाची होती, आणि भरलेल्या पायऱ्यांवर बोलावलं जाणं हेच फिरत्या पिचरचं नेहमीचं काम. पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, अ‍ॅरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. उपलब्ध असणं हे कौशल्य कसलं, ते तर न तुटलेल्या कोपराचं नशीब. यात निम्मं तथ्य आहे. ज्यांचे सांधे विशीतच गेले त्यांच्या चिकाटीची परीक्षाही झाली नाही, आणि उरलेल्यांच्या गोष्टी सांगताना आपण हे विसरतो. पण रिच हिलची कारकीर्द बघितली की उरलेलं निम्मं हाती येतं. हिल २००५ मध्ये शिकागो कब्जकडून आला. २००९ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली, २०११ मध्ये कोपराची. पस्तिशीत, २०१५ च्या उन्हाळ्यात, तो मेजर लीगशी तेव्हा संबंधच नसलेल्या अटलांटिक लीगमध्ये लाँग आयलंड डक्सकडून फेकत होता. तिथून बोस्टनने त्याला उचललं, आणि त्यांच्या ब्रायन बॅनिस्टर यांनी त्याला सांगितलं की तुझा कर्व्हबॉल हेच तुझं मुख्य हत्यार आहे, तो कितीतरी जास्त टाक. सप्टेंबरच्या चार सामन्यांत त्याने ३६ बॅटर स्ट्राइकआउट केले. पुढच्या वर्षाअखेर लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याच्याशी तीन वर्षांचा ४.८ कोटींचा करार केला. त्याचं नशीब दोनदा फुटलं होतं. त्याला वाचवलं ते दहाव्या माणसाचा सल्लाही पहिल्याच्याइतक्या मोकळेपणाने ऐकण्याच्या वृत्तीने. एकाच संघात वाढलेल्या पिचरला एकच मत ऐकू येतं, आणि ते चुकीचं असेल तर ते कळायला त्याच्यापाशी दुसरं ठिकाण नसतं. फिरत्याला मतं फार मिळतात, त्यांतली बरीच एकमेकांच्या विरुद्ध. कोणतं धरायचं आणि कोणतं मान डोलावून सोडून द्यायचं, हे ज्याला कळतं तो राहतो. जुलै २०२५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरून हिलने जॅक्सनच्या चौदाची बरोबरी केली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. दोन सामने झाले, दोन्ही हरला, आणि लगेच डीएफए.

पैशाचा मुद्दा निघाला की सहानुभूती आटते, आणि ते स्वाभाविक आहे. कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या माणसाच्या स्थलांतराबद्दल कोणाला वाईट का वाटावं? वाईट वाटावं असं माझं म्हणणंच नाही. पण जॅक्सन आणि हिल हे या व्यवसायाचे यशस्वी टोक आहेत, सरासरी नव्हेत. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता, म्हणजे हंगामातल्या एका दिवसाला सुमारे चार हजार. तो दिवसाच्या हिशेबानेच मिळतो. खाली, ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वोच्च पायरीवर, साध्या करारावरच्या खेळाडूचा किमान पगार २०२३ च्या करारात वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला, आणि ती दुपटीहून जास्त झालेली वाढ होती. त्याआधी कित्येक पिचर थंडीच्या महिन्यांत दुसरी कामं धरत. मायनर लीगच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांना किमान वेतनाच्या संरक्षणातूनच बरंचसं वगळलं, आणि शेवटी २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे गिरणगावात बदली कामगार असायचा, सकाळी दारावर उभा राहून आज कोण गैरहजर आहे याची वाट बघणारा. ट्रिपल-एमधल्या तिशीतल्या पिचरची स्थिती मला तीच वाटते, फक्त याचं दार हजार किलोमीटर लांब असतं. वर मिळालेल्या प्रत्येक दिवसाला पगारापलीकडेही किंमत आहे. १९८० पासूनच्या व्यवस्थेत मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. १९८० पूर्वी खेळून चार वर्षं न भरलेल्या शेकडो खेळाडूंना मात्र ते कधीच मिळालं नाही. २०११ पासून त्यांना थोडी वार्षिक रक्कम दिली जाते, इतकंच. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जनी साठी ओलांडलेल्या सॅचेल पेजला संघाच्या यादीवर घेतलं ते त्याचे निवृत्तिवेतनाचे दिवस भरावेत म्हणूनच. वर्णभेदामुळे उमेदीची सगळी वर्षं मेजर लीगबाहेर गावोगाव फेकत फिरलेला, कदाचित त्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर, आणि हिशेबाला कमी पडत होते ते दिवस. तेव्हा ४२ आणि ४३ यांतला फरक समजणाऱ्या माणसाला ‘खेळावरच्या प्रेमाखातर’ खेळतो म्हणणं हा त्याचा गौरव नाही. तो नोकरी करतो, आणि नोकरीचे नियम त्याला आपल्या वकिलाइतकेच पाठ असतात.

भारतीय वाचकाला या जगाची ओळख झाली असेल तर ती बहुधा ‘मिलियन डॉलर आर्म’ या २०१४च्या चित्रपटातून. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. चित्रपट करारापाशी संपतो. खरं काम त्यानंतर फ्लोरिडातल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये, पुढे रिंकूच्या बाबतीत वेस्ट व्हर्जिनियातल्या संघात झालं. पटेल दोन वर्षांत परतला. डावखुरा रिंकू बराच टिकला, पण हाताच्या दुखापतींनी त्याला वर जाऊ दिलं नाही, आणि पुढे तो कुस्तीच्या मनोरंजन व्यवसायात गेला. निवड होणं ही गोष्ट पडद्यावर छान दिसते. एप्रिल ते सप्टेंबर रोज तयार राहणं दिसत नाही, म्हणून ते चित्रपटात नाही.

राहिला प्रश्न हा व्यवसाय पुढे टिकेल का. नियमाच्या एका ओळीने पिचरांची एक आख्खी जात याआधीच संपली आहे. एकाच डावखुऱ्या बॅटरपुरता मैदानात येणारा डावखुरा राखीव पिचर हा फिरत्यांमधला सगळ्यांत दीर्घायुषी प्रकार होता. असल्या कामाच्या बळावर जेसी ओरोस्कोने सेहेचाळिशीपर्यंत खेळत १२५२ सामन्यांचा विक्रम केला. २०२० पासून नियम आला, की आत आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरांना तरी तोंड द्यावं किंवा तो डाव संपवावा, आणि ते काम उरलं नाही. जॅक्सनसारख्या अनुभवी, सरासरी वेगाच्या सुरुवातीच्या पिचरलाही आता मागणी कमी होते आहे. फेकीचा सरासरी वेग गेल्या पंधरा वर्षांत ताशी दोनेक मैलांनी वाढला, आणि संघांनी हिशेब मांडला की चौतिशीतल्या माणसाला आणण्यापेक्षा ऑप्शन शिल्लक असलेले चार पंचविशीतले वेगवान हात एकाच जागेवर आलटून पालटून वापरावेत. थकला की खाली, ताजा झाला की वर. २०२२ च्या करारात यावर एका हंगामात पाच वेळांची मर्यादा घालावी लागली, यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज यावा. टँपा बेच्या अशा पिचरला उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅमहून फ्लोरिडात आणि परत, एका उन्हाळ्यात पाच वेळा पाठवता येतं. दोन शहरांत दोन भाड्याची घरं, आणि सेवेचे दिवस तुटक तुटक जमा होतात. सहा वर्षं भरायच्या आत कोपर गेलं तर मुक्त होण्याची वेळच येत नाही. जॅक्सनपेक्षा तो कमी फिरला असं म्हणता येणार नाही, पण त्याचं सगळं फिरणं एकाच मालकाच्या दोन मैदानांमध्ये झालं, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे एकच संघ लिहिलेला असेल.